जुन्या आकाशपाळण्यांची देखभाल आणि नूतनीकरण : रंग सर्वांत शेवटी

मराठवाड्यात पोळ्याला बैल रंगवावा तसा यात्रेच्या तोंडावर आकाशपाळणा रंगवला जातो. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात, लातूरच्या सिद्धेश्वराची महाशिवरात्रीला, पैठणची नाथषष्ठी फाल्गुनात, येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेला आणि छत्रपती संभाजीनगरातील कर्णपुऱ्याची नवरात्रात भरते. या प्रत्येक ठिकाणी नव्या रंगात झळकणारे पाळणे, झोक्याच्या नावा, ड्रॅगन गाड्या आणि ब्रेक डान्स उभे राहतात. त्यांत पंधरा-वीस वर्षे वापरलेली आणि दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेली यंत्रेही असतात. रंग ही दुरुस्ती नव्हे. तपासणीआधी मारलेला रंग तर दुरुस्तीच्या आडच येतो, कारण वेल्डिंगच्या कडेला पडलेली केसाएवढी भेग त्याखाली झाकली जाते आणि पुढच्या माणसाला जोड नवा असल्यासारखा वाटतो.

हे मार्गदर्शन पाळण्यांचे मालक, उद्यानांतील देखभाल विभाग आणि ज्यांच्याकडे अशी कामे येतात ते फिटर व वेल्डर यांच्यासाठी आहे. मनोरंजनाच्या पाळण्यांसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे आणि आयएसओ १७८४२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तीन भागांत अनुक्रमे रचना व निर्मिती, चालवणे व वापर आणि तपासणी यांचे नियम दिलेले आहेत. यंत्राच्या उत्पादकाची पुस्तिका हाताशी असेल तर तिचा शब्द या लेखाच्या वर मानावा. येथे दिलेली मापे सर्वसाधारण आहेत. एखाद्या विशिष्ट यंत्राची मर्यादा त्याचा उत्पादक किंवा यांत्रिकी अभियंताच ठरवू शकतो.

आधी वय काढावे

जुन्या यंत्राचे वय वर्षांत मोजण्यापेक्षा आवर्तनांत मोजलेले बरे. झोक्याची नाव एका फेरीत पंधरा वेळा झुलते, दिवसात वीस फेऱ्या होतात आणि वर्षात शंभर दिवस ती चालते असे धरले, तर वर्षाला तीस हजार झोके होतात आणि वीस वर्षांत सहा लाख. प्रत्येक झोक्यात मुख्य दांड्यावरचा ताण कमाल होऊन पुन्हा उतरतो. वेल्डिंगच्या जोडांची थकवा सोसण्याची क्षमता अभियंते साधारणपणे २० लाख आवर्तनांच्या आधाराने मांडतात. म्हणजे सहा लाख ही दुर्लक्ष करण्याजोगी संख्या नाही, विशेषतः ज्या जोडाची वेल्डिंग मुळातच ओबडधोबड आहे त्याच्यासाठी. थकव्याने येणारी भेग भार वाढल्यामुळे पडत नाही. रोजच्याच भाराखाली, कोणतीही चाहूल न देता ती मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकते, आणि म्हणूनच ‘इतकी वर्षे चालला, आता काय होणार’ हा युक्तिवाद पूर्णपणे उलटा आहे.

आवर्तनांचा हिशेब करण्यासाठी कागद लागतात, आणि जुन्या पाळण्यांच्या बाबतीत नेमके तेच नसतात. नावाची पट्टी घासून गेलेली असते, आराखडा पहिल्या मालकाकडे राहिलेला असतो, मधल्या काळात कोणी मोटर बदलली आणि कोणी दोन पाळणे जास्त लावले याची नोंद नसते. अशा वेळी पहिले काम म्हणजे यंत्र आज जसे आहे तसे मोजून त्याचा नवा आराखडा तयार करणे. प्रत्येक मुख्य भागाची लांबी, पाइपचा बाहेरचा व्यास व जाडी, पिनांचे व्यास, बोल्टांची प्रत, मोटरची अश्वशक्ती आणि मिनिटाला होणारे फेरे लिहून काढावेत, प्रत्येक भागाला ठोकून क्रमांक द्यावा आणि छायाचित्रे काढावीत. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. या मोजमापांवरून भारांची गणिते करून देणारा जाणकार तेथे शोधता येतो आणि त्याला दिलेला पैसा वाया जात नाही.

याच टप्प्यावर मागच्या मालकांनी केलेले बदल उघडे पडतात. तरुण गिऱ्हाईक यावे म्हणून पाळण्याचा वेग वाढवण्याची हौस जुनी आहे. फिरत्या यंत्रात बाहेर फेकणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी वाढवला की ते बल ४४ टक्क्यांनी वाढते, आणि ते सारे त्याच जुन्या दांड्यांनी व पिनांनी सोसायचे असते. असा बदल आढळला तर यंत्र मूळ वेगावर आणावे. तोच न्याय चाकावर बांधलेल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सला लागू होतो. वाऱ्याचा दाबही वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि उघड्या सांगाड्यासाठी रचलेल्या चाकावर कापड ताणले की त्याचे शीड होते. फ्लेक्सवर कोणाचा फोटो आहे याचा विचार न करता तो उतरवावा.

केव्हा उघडावे

फिरत्या पाळण्यांसाठी आषाढ ते भाद्रपद हा काळ उत्तम, कारण पावसाळ्यात पाळणे लागणाऱ्या यात्रा कमी असतात. स्थायी उद्यानांनाही उन्हाळ्याची सुट्टी संपल्यानंतरचे हेच महिने सोयीचे पडतात. मात्र पावसाळ्यात उघडणे, तपासणे, लेथवरची कामे आणि छपराखालची वेल्डिंग एवढेच करावे. रंगाचे काम हवा कोरडी झाल्यावर करावे. दमट हवेत थंड लोखंडावर न दिसणारा ओलावा धरतो आणि त्यावर मारलेला रंग वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे.

बंद पडून राहिलेल्या यंत्राकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. २०२०-२१ च्या टाळेबंदीत अनेक पाळणे उभ्या जागी थांबले होते. थांबलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्या एकाच जागी दाब देत राहतात, ग्रीसमधले तेल निथळून जाते, तेलाची सील वाळून चिरते आणि पाइपांच्या आत पाणी साचते. पाण्याच्या खेळांचे तर दुष्काळात हमखास असे होते. ज्या २०१६ साली लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्या वर्षी घसरगुंडीच्या पंपाला पाणी कोण देणार? असे यंत्र थेट चालू करू नये. पंपाची सील आधी काढून पाहावी आणि बोअरच्या जड पाण्याने आत धरलेला क्षाराचा थर काढावा. यंत्र लांब काळ बंद ठेवायचे असेल तर महिन्यातून एकदा ते हाताने किंवा हळू वेगाने काही फेरे फिरवावे.

सांगाडा : बाहेरून नव्हे, आतून

२६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या जत्रेत ‘फायर बॉल’ नावाच्या झुलत्या पाळण्याचा एक भाग चालू फेरीत तुटून पडला आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. यंत्र सुमारे १८ वर्षे जुने होते आणि त्याच दिवशी त्याची तपासणी झालेली होती. उत्पादक कंपनीने नंतर सांगितलेले कारण प्रत्येक पाळणेवाल्याने लक्षात ठेवावे असे आहे : आसने धरून ठेवणाऱ्या पोकळ तुळईला आतल्या बाजूने प्रचंड गंज चढून तिची भिंत पातळ झाली होती. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसणे शक्य नव्हते.

आपल्याकडचे बहुतेक पाळणे पोकळ पाइपांचे आणि चौकोनी नळ्यांचेच बनलेले असतात, त्यामुळे हा मुद्दा येथे सविस्तर घ्यायला हवा. नळीचे टोक नीट बंद केलेले नसेल किंवा तिला जागोजागी भोके पाडून दिवे व पाट्या लावलेल्या असतील, तर पावसाचे पाणी आत जाते आणि सर्वांत खालच्या बिंदूला साचते. पाणी निघावे म्हणून ठेवलेले छिद्र असेल तर ते मातीने, जुन्या रंगाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजलेले असते. म्हणून प्रत्येक पोकळ भागाचा सर्वांत खालचा बिंदू आधी शोधावा, छिद्र मोकळे करावे आणि त्यातून काय बाहेर येते ते पाहावे. तांबडे पाणी किंवा गंजाचे पापुद्रे निघाले तर तो भाग संशयित समजावा. हलक्या हातोडीने ठोकत गेल्यास पातळ झालेल्या जागेचा आवाज बदलतो. ही जुनी युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर निर्णय घेऊ नये. निर्णयासाठी अल्ट्रासोनिक जाडीमापक वापरावा. खालच्या बिंदूपाशी, वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये अशा ठिकाणी नळीच्या चारही अंगांनी जाडी मोजून नोंदवावी. मूळ जाडीच्या दहा टक्क्यांहून अधिक धातू गेलेला असेल तर अभियंत्याकडून गणित पुन्हा करून घेतल्याशिवाय तो भाग वापरू नये. मोबाइलला जोडता येणारा नळीसारखा छोटा कॅमेरा फार महाग नसतो. तो छिद्रातून आत सोडला की पुष्कळ वाद मिटतात.

पातळ झालेल्या नळीवर बाहेरून पट्टी वेल्ड करून काम भागवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडून द्यावी. पट्टीच्या कडेला ताण एकवटतो, आतला गंज चालूच राहतो आणि पुढच्या खेपेला जाडीमापकालाही खरी जाडी सांगता येत नाही. तो तुकडा कापून त्याच प्रतीच्या पोलादाचा नवा बसवावा.

भेगा शोधणे

भेगा कोठे पडतात हे बहुतेक ठरलेले असते : वेल्डिंगची कड, शाफ्टचा व्यास जेथे बदलतो तो खांदा, चावीच्या खाचेचे कोपरे, पिनांची भोके आणि जेथे जाड भाग पातळ भागाला मिळतो त्या जागा. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया परिसरात लंबकासारखा झुलणारा पाळणा फेरी चालू असताना तुटून दोन जणांचा मृत्यू झाला. झुलणाऱ्या यंत्रांत सारा भार एका आसावर आणि एका दांड्यावर येतो, म्हणून त्यांच्या मुळाशी असलेल्या जोडांची तपासणी पाळण्याच्या इतर कोणत्याही जोडापेक्षा जास्त वेळा करावी.

या तपासणीसाठी सर्वांत परवडणारी पद्धत रंगद्रव भेदन चाचणीची आहे. कारखान्यांत तिला डीपी टेस्ट म्हणतात. जागा स्वच्छ करून तिच्यावर लाल द्रव फवारायचा, तो दहा ते वीस मिनिटे मुरू द्यायचा, कापडाने पुसून घ्यायचा आणि मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल द्रव पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. तीन डबे आणि स्वच्छ कापड एवढेच साहित्य लागते, परंतु दोन चुका तिला निरुपयोगी करतात. पहिली चूक म्हणजे जुना रंग ग्राइंडरने खरवडणे. ग्राइंडरच्या घासण्याने धातू पसरून भेगेचे तोंडच बंद होते, म्हणून रंग रसायनाने काढावा. दुसरी चूक आपल्या हवेची आहे. ही द्रवे साधारणपणे ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पृष्ठभागासाठी असतात आणि वैशाखात परभणी-बीडच्या उन्हात उभे असलेले लोखंड त्याहून अधिक तापते. द्रव भेगेत मुरण्याऐवजी वरच्या वर वाळतो आणि चाचणी ‘निर्दोष’ असा खोटा निकाल देते. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर किंवा सावलीत करावे.

रंगद्रव चाचणी केवळ वर उघडणाऱ्या भेगा दाखवते. पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची चाचणी अधिक सूक्ष्म आहे, तर पिना आणि शाफ्ट यांच्या पोटातील दोषांसाठी अल्ट्रासोनिक चाचणीच लागते. या दोन्हींना प्रशिक्षित माणूस हवा. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनतात, त्यामुळे अशी चाचणी करणारी माणसे छत्रपती संभाजीनगरात मिळतात. पिना आणि आस काढून तेथे नेणे हे चाचणी करणाऱ्याला यंत्रापाशी आणण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

सापडलेल्या भेगेच्या टोकाशी छिद्र पाडून तिला थोपवता येते, पण पाळण्याच्या मुख्य भागावर हा उपाय दुरुस्ती म्हणून धरू नये. नळी किंवा तुळई असेल तर सदोष वेल्डिंग पूर्ण काढून नवी करावी. शाफ्ट किंवा पिन असेल तर तो भाग भंगारात घालावा, आणि कोणी उचलून पुन्हा लावू नये म्हणून कापून घालावा.

वेल्डिंग आणि शाफ्ट

साध्या बांधकामी पोलादाची नळी चांगला वेल्डर नीट जोडू शकतो. मुख्य जोडांसाठी ई ७०१८ सारखी कमी हायड्रोजनची कांडी वापरावी आणि ती वापरण्यापूर्वी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर, भट्टीत वाळवावी. उघड्या पुड्यात पावसाळाभर पडलेली कांडी ओलावा धरते; तिने केलेला जोड दिसायला सुंदर असतो आणि काही तासांनी आतून तडकू शकतो.

शाफ्टची गोष्ट वेगळी आहे. शाफ्ट आणि पिना बहुधा ईएन ८ किंवा ईएन २४ सारख्या पोलादाच्या असतात. बेअरिंगची झिजलेली जागा वेल्डिंगने भरून लेथवर तासून द्यायची पद्धत गावोगाव आहे, पण अशा पोलादाला साध्या रीतीने वेल्डिंग केले की शेजारचा भाग कडक व ठिसूळ होतो आणि भेग नेमकी तेथूनच सुरू होते. ट्रॅक्टरच्या अवजाराला हे चालत असेल. माणसे बसवायच्या यंत्राला चालणार नाही. शाफ्ट नवा करून घ्यावा, व्यास जेथे बदलतो तेथे काटकोनी खाच न ठेवता गोलाई ठेवावी आणि पोलादाचे चाचणी प्रमाणपत्र मागून घ्यावे.

वेल्डिंग करताना अर्थिंगची क्लिप कामाच्या अगदी जवळ लावावी. ती पाळण्याच्या पायाला लावून वर चाकावर वेल्डिंग केले, तर प्रवाह बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, त्यांवर ठिणग्यांचे खड्डे पडतात आणि दुरुस्तीनंतर दोन महिन्यांत चांगले बेअरिंग आवाज करू लागते.

बोल्ट, पिना, वायररोप

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल तर त्याची ताण सोसण्याची क्षमता सुमारे ८०० मेगापास्कल असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ४.६ प्रतीचा साधा बोल्ट तेवढ्याच जाडीचा असूनही त्याच्या निम्माच भार सोसतो. यात्रेत रात्री बोल्ट हरवला आणि जवळच्या दुकानातून ‘तसाच’ आणला, हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की जुन्या पाळण्याच्या एकाच फ्लँजवर (दोन भाग बोल्टांनी जोडणाऱ्या सपाट कडेवर) तीन प्रतींचे बोल्ट सापडतात. नूतनीकरणात मुख्य जोडांचे सर्व बोल्ट एकदम आणि एकाच प्रतीचे बदलावेत, डोक्यावर प्रत आणि उत्पादकाची खूण नसलेला बोल्ट घेऊ नये, आणि प्रत्येक जोडासाठी जादा संच यंत्राबरोबर ठेवावा. आवळताना ठरलेल्या जोराइतकेच आवळणारा टॉर्क पाना वापरावा. पान्यात पाइप घालून दोघांनी लटकणे हे आवळणे नव्हे, त्याने बोल्ट ताणला जातो. आवळून झाल्यावर बोल्ट आणि जोड यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. ती तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाल्याचे ऑपरेटरला जमिनीवरून कळते. नायलॉनचे नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, आणि कॉटर पिनही दर जोडणीला नवीच घालावी.

पाळणे ज्या पिनांवर लटकतात त्या एकेक काढून मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजाव्यात, कारण पिन गोल न झिजता एका अंगाने झिजते. वायररोपवर बाहेर आलेल्या तारा, पिळ सुटलेली जागा, गंज किंवा बारीक झालेला भाग दिसल्यास ती पूर्ण बदलावी. जोड देऊ नये. तिच्या टोकाला यू-बोल्टचे क्लॅम्प लावताना खोगीर (क्लॅम्पचा खाचेचा ठोकळा) भार घेणाऱ्या दोरीवर आणि यू मोकळ्या टोकावर यायला हवा. हे उलटे बसवलेले क्लॅम्प दोरीला नेमके भाराच्या बाजूने चिरडतात.

बेअरिंग आणि गिअरबॉक्स

मोठ्या पाळण्याचे मुख्य बेअरिंग सावकाश फिरते, त्यामुळे ते बिघडले तरी फार आवाज करत नाही. उघडल्यावर जुने ग्रीस बोटांत चोळून पाहावे. कच लागली तर काळ्या मातीची धूळ आत गेली आहे, चमचमणारे कण दिसले तर पोलाद झिजते आहे. फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गोळ्या आणि कडे यांच्यामधली फट मोजून ती नव्या बेअरिंगच्या तक्त्याशी ताडावी. शाफ्ट फिरत असतो तेथे बाहेरच्या कड्याचा खालचा भागच सतत भार घेतो. कडे अजून चांगले असेल तर परत बसवताना ते थोडे फिरवून ठेवल्यास न वापरलेला भाग खाली येतो. ग्रीस भरण्यापूर्वी निपल पुसावे, नाहीतर गन धूळच आत ढकलते, आणि वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस मिसळू नयेत.

गिअरबॉक्सचे तेल पांढऱ्या थाळीत ओतून पाहावे. वर्म गिअरमध्ये सोनेरी चमक दिसली तर कांस्याचे चाक झिजत आहे. हायड्रॉलिक यंत्रांचे रबरी पाइप बाहेरून चांगले दिसत असले तरी साधारण सहा वर्षांनी बदलावेत.

वीज

जुन्या पाळण्याचे पॅनेल दुरुस्त करण्यापेक्षा नवे बनवणे बहुधा शहाणपणाचे ठरते. त्यात एक फेज गेल्यास मोटर बंद करणारा रिले, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि ऑपरेटरच्या हाताशी लाल आपत्कालीन बटण असायलाच हवे. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवल्याने यंत्र हळू सुरू होऊन हळू थांबते आणि सांगाड्याला बसणारे धक्के कमी होतात. मात्र बहुतेक व्हीएफडी ४० अंशांपुढे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, म्हणून आपल्या उन्हाळ्यासाठी एक माप मोठा घ्यावा आणि त्याला धूळ-गाळणी असलेला पंखा द्यावा. थांबवण्यासाठी केवळ व्हीएफडीवर विसंबू नये. वीज गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारा ब्रेक वेगळा हवा, आणि वर अडकलेल्या लोकांना उतरवण्यासाठी चाक हाताने फिरवण्याची सोय हवी.

अर्थिंग भर उन्हाळ्यात मोजावे. श्रावणात ओल्या काळ्या मातीत मोजलेला आकडा सुरेख येतो. वैशाखात तीच माती भेगाळते आणि रोध कितीतरी वाढतो. सर्वांत वाईट दिवसातही तो ५ ओहमच्या आत राहावा असा खड्डा करावा. फिरत्या भागाला वीज देणाऱ्या स्लिप रिंगवरची कार्बनची पूड साफ करावी आणि चाकावरच्या दिव्यांसाठी शक्यतो कमी दाबाची वीज वापरावी.

आसने, कुलपे, पाया

फायबरच्या आसनांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात, त्या बहुधा वरच्या थरापुरत्याच असतात. चीर मागच्या बाजूनेही दिसत असेल किंवा बोल्टाच्या भोकापाशी असेल तर मात्र तो भाग उतरता घासून, काचतंतूंचे थर व रेझिन लावून पुन्हा बांधावा. उन्हात रेझिन झपाट्याने घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवावे. या कामातील कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन रसायने कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, त्यांचा स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण मिसळल्यावरच दुसरे घालावे. आसनाच्या आडव्या दांडीचे कुलूप प्रत्येक आसनावर बसून आणि जोर लावून तपासावे, आणि ते सुटले तरी माणूस धरला जाईल असा दुसरा पट्टा ठेवावा.

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. स्थायी पाळण्याचा पाया तिच्या थराखाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर दरवर्षी त्याची पातळी बदलते आणि आसाच्या दोन टोकांची उंची वेगळी झाली की बेअरिंग विनाकारण झिजते. लेव्हल पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा घ्यावी. यात्रेत पाळणा उभारताना माती काढून मुरूम टाकावा, त्यावर रुंद स्लीपर मांडावेत, आणि अवकाळी पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी लेव्हल घेतल्याशिवाय फेरी सुरू करू नये.

आता रंग

येथपर्यंतची प्रत्येक नोंद पूर्ण झाल्यावरच रंगाचा डबा उघडावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासल्यास त्याची धूळ घासणाऱ्याच्या आणि आसपास खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाते, म्हणून मास्क लावून ओला घासावा आणि खरवड गोळा करावी. शक्य असेल तेथे ब्लास्टिंग करून (खडीचा मारा करून पृष्ठभाग स्वच्छ करून) इपॉक्सी झिंक प्रायमर द्यावा. वेल्डिंगच्या जागांवर फिकट रंग द्यावा, कारण फिकट रंगावर गंजाची तांबडी रेघ लगेच दिसते आणि पुष्कळदा भेगेची पहिली बातमी तीच देते. बोल्टांच्या खुणांवर, ग्रीसच्या निपलांवर आणि पाणी निघण्याच्या छिद्रांवर रंग जाऊ देऊ नये.

चाचणी आणि नोंदवही

प्रथम यंत्र रिकामे चालवावे, तेही एका दमात नाही, तर दर काही फेऱ्यांनी थांबवून बेअरिंगांना हात लावत. मग भार घालून चालवावे. भारासाठी वाळूच्या पोत्यांपेक्षा थंड पाण्याचे २० लिटरचे जार सोयीचे, कारण त्यांचे वजन ठाऊक असते. मोठ्या माणसाचे वजन ७५ किलो धरतात, म्हणून माणशी चार जार घट्ट बांधले तर थोडा जास्तच भार होतो. आकाशपाळण्याची खरी परीक्षा पूर्ण भरलेल्या चाकाने होत नाही. अर्धे चाक भरून आणि अर्धे रिकामे ठेवून भरलेली बाजू आडवी आल्यावर वीज तोडावी, आणि ब्रेक चाकाला जागच्या जागी धरतो का ते पाहावे. ब्रेक घसरला तर पुढची चाचणी तेथेच थांबवावी. या सर्व काळात यंत्रावर माणूस बसवू नये, मालकाच्या भरवशाचा असला तरीही.

नोंदवही यंत्राबरोबर फिरली पाहिजे, घरच्या कपाटात राहून उपयोग नाही. तीत जाडीची मापे, पिनांचे व्यास, बेअरिंगमधली फट, अर्थिंगचा रोध, बदललेले भाग आणि चाचण्यांचे अहवाल क्रमांकानुसार लिहावेत, आणि रोज सकाळी ऑपरेटरने काय पाहिले ते त्याच्याच हस्ताक्षरात असावे. नवा आवाज सर्वांत आधी त्यालाच ऐकू येतो. त्याने सांगितल्यावर फेरी थांबवण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा, नाहीतर तो सांगणे बंद करतो.

नव्याने जोडलेले बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या धावेत बसतात आणि त्यांचा ताण थोडा उतरतो. म्हणून नूतनीकरणानंतरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आणि पुन्हा आठवड्याने सर्व मुख्य बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत, ज्यांच्या रेघा तुटल्या असतील त्यांचे क्रमांक वहीत लिहावेत, आणि एकच बोल्ट दोन्ही वेळा सैल सापडला तर तो आवळून पुढे जाण्याऐवजी तो जोड उघडून फ्लँज सपाट आहे का ते पाहावे.